नार्कोकोरिदो : निवेदक, आश्रयदाता आणि संपलेली गोष्ट

स्पॅनिश भाषेत 'कांतार' या क्रियापदाचा रूढ अर्थ 'गाणे' असा आहे. तुरुंग, पोलीसचौकी आणि गुन्हेगारी जग यांच्या बोलीत मात्र त्याच क्रियापदाला 'कबुली देणे, साथीदारांची नावे फोडणे' असाही अर्थ आहे. पाउलिनो व्हार्गास याने रचलेल्या आणि 'लोस तिग्रेस देल नोर्ते' या वाद्यवृंदाने १९७० च्या दशकात गाजविलेल्या 'ला बांदा देल कार्रो रोहो' (लाल मोटारीची टोळी) या कोरिदोचा शेवट या श्लेषावर उभा आहे. शंभर किलो कोकेन घेऊन शिकागोकडे निघालेली टोळी टेक्सासमधील सान आंतोनियो येथे गाठली जाते, गोळीबार होतो, दोन्ही बाजूंची मिळून सात माणसे मरतात. लिनो किंताना शेरीफला सांगतो की, साथीदार मेले आहेत, ते आता जबानी देऊ शकणार नाहीत. आणि आपल्याला तर गाता येत नाही. गाण्यातले पात्र गायचे नाकारते आणि त्या नकाराचेच गाणे होते. पोलिसांना जे कळले नाही ते श्रोत्यांना कळते; परंतु तेही सगळे कळत नाही. माल कोणाचा होता, पैसा कोणाचा होता, याविषयी कोरिदोही मौन पाळतो.

मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या व्यापारावरील या गीतप्रकाराची, म्हणजे नार्कोकोरिदोची चर्चा बहुतेक वेळा आशयाच्या अंगाने होते. या गीतांत गुन्ह्याचे उदात्तीकरण आहे काय, तरुण मनांवर त्यांचा कोणता परिणाम होतो, की ती उपेक्षितांच्या विद्रोहाचा आविष्कार आहेत, असे प्रश्न विचारले जातात आणि पक्ष ठरतात. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीकडे सारखेच दुर्लक्ष झालेले दिसते. कोरिदो हे मुळात कथनकाव्य आहे, आणि कथनकाव्याविषयी पहिला प्रश्न निवेदकाचा असतो. कोण सांगतो आहे, कोणाच्या परवानगीने सांगतो आहे, आणि जे सांगतो आहे ते घडून संपलेले आहे काय? गेल्या पन्नास वर्षांत या गीतप्रकाराच्या विषयात म्हणण्यासारखा बदल झालेला नाही. बदल झाला आहे तो निवेदकाच्या स्थानात. आणि त्या बदलाने घाटच आतून पोखरला आहे.

कोरिदोच्या परंपरागत घाटाची काही लक्षणे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. आठ अक्षरावयवांच्या ओळी, चार किंवा सहा ओळींचे कडवे, सम चरणांत यमक, आणि पोल्का वा वॉल्ट्झच्या ठेक्यावरची, कडव्यागणिक पुन्हा येणारी साधी चाल. आरंभी बहुधा साल, तारीख, गावाचे नाव आणि श्रोत्यांना उद्देशून एखादे वचन. शेवटी 'देस्पेदिदा', म्हणजे निरोप. या निरोपात कधी एखाद्या कबुतराला उडून जाऊन वार्ता पोहोचवायला सांगितले जाते. व्हिसेंते मेंदोसा या संशोधकाने १९३९ च्या आपल्या ग्रंथात कोरिदोचा संबंध स्पॅनिश 'रोमान्से'शी जोडून दाखविला. मेक्सिकन क्रांतीचे दशक (१९१० ते १९२०) हा या प्रकाराचा बहराचा काळ. त्या काळात तो बातमीपत्राचे काम करीत होता, आणि तारीख-गावाचा उल्लेख हा त्या कामाचाच भाग होता. निवेदक घटनेचा साक्षी असतो किंवा साक्षीदाराकडून ऐकलेले सांगणारा असतो. त्याचे ऋण श्रोतृसमूहाशी असते. चुकीचे गाव सांगितले तर तिथेच कोणी तरी उठून दुरुस्ती करील, या शक्यतेच्या धाकात तो गात असतो.

आमेरिको पारेदेस यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'विथ हिज पिस्टल इन हिज हँड' या ग्रंथात ग्रेगोरियो कोर्तेस याच्यावरील सीमाभागातील कोरिदोचा जो अभ्यास केला, तो अद्यापि या क्षेत्रातील मानदंड मानला जातो. जून १९०१ मध्ये टेक्सासच्या कार्न्स परगण्यात एका चोरीला गेलेल्या घोड्याची चौकशी करण्यासाठी शेरीफ आला. दुभाष्याला घोडा आणि घोडी यांसाठी स्पॅनिशमध्ये असलेल्या वेगवेगळ्या शब्दांतील फरक कळला नाही, कोर्तेसचे खरे उत्तर खोटे ठरले, आणि झटापटीत कोर्तेसचा भाऊ जखमी झाला व शेरीफ मारला गेला. पुढे दहा दिवस कोर्तेस पाठलाग चुकवीत दक्षिणेकडे धावत राहिला. (एका शब्दाच्या भाषांतरातून एक वीरगाथा जन्माला यावी, ही गोष्ट भाषांतरमीमांसकांनीही मनावर घेण्याजोगी आहे.) या कोरिदोचा नायक मरत नाही; तो पकडला जातो. परंतु गाणे सुरू होते तेव्हा पाठलाग संपलेला असतो. मरण असो वा अटक, कृती पूर्ण झालेली आहे. निवेदक भूतकाळात बोलू शकतो, म्हणूनच तो न्याय करू शकतो.

तस्करीचा विषय कोरिदोला नवा नाही. अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात सीमेपलीकडे मद्य नेणाऱ्यांवर कोरिदो रचले गेले, आणि १९३१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला 'एल पाब्लोते' हा अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यावरील कोरिदोचा आद्य नमुना मानला जातो. त्याचा नायक ध्वनिमुद्रणाच्या वेळी मेलेला होता, हे येथे नोंदवून ठेवले पाहिजे. मेंदोसा यांच्या मते १९३० नंतर कोरिदोला ऱ्हासकळा लागली. अशी विधाने पुष्कळदा संशोधकाच्या वयाविषयीच अधिक सांगतात; पण त्यांचे निरीक्षण अगदीच निराधार नव्हते. क्रांती संपल्यावर जिच्यावर सर्वांचे लक्ष खिळावे अशी घटना उरली नव्हती.

ती घटना कल्पनेतून आणली आंखेल गोन्सालेस याने. त्याने रचलेल्या 'कोंत्राबांदो इ त्राइसिओन' (तस्करी आणि दगा) या गीताचे 'लोस तिग्रेस देल नोर्ते'ने १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ध्वनिमुद्रण केले. सिनालोआ प्रांतातील एका खेड्यातून कॅलिफोर्नियात सान होसे येथे येऊन स्थायिक झालेल्या या भावंडांच्या वाद्यवृंदाचे, आणि आधुनिक नार्कोकोरिदोचेही भाग्य या एका गीताने उघडले. एमिलियो व्हारेला आणि कामेलिया हे जोडपे मोटारीच्या टायरांत गांजा भरून तिहुआनाहून लॉस एंजेलिसला पोहोचते. माल विकला जातो. एमिलियो तिला तिचा वाटा घेऊन नवे आयुष्य सुरू करायला सांगतो, कारण तो स्वतः दुसऱ्या स्त्रीकडे निघाला आहे. सात गोळ्या सुटतात. पोलिसांना सापडते ते केवळ टाकून दिलेले पिस्तूल. पैशांचे आणि कामेलियाचे पुढे काय झाले ते कधीच कळत नाही. ही सर्व कथा काल्पनिक आहे. पण तिचा निवेदक जुन्याच जातीचा आहे. त्याला ठाऊक असलेल्या गोष्टी तो सांगतो, आणि ज्ञानाची सीमा आली की थांबतो. कामेलिया श्रोत्यांच्या स्मरणात राहिली ती तिने गोळ्या झाडल्या म्हणून. परंतु निवेदकाने तिचा माग सोडून दिला, हेही त्यास तितकेच कारण झाले असावे. पुढे तिच्यावर चित्रपट निघाले, उत्तरकोरिदो रचले गेले. एका अपुऱ्या माहितीने एवढे काव्य प्रसवावे, हे लोकवाङ्मयात अपवादात्मक नाही.

या परंपरेला कलाटणी मिळाली ती चालिनो सांचेस (१९६० ते १९९२) याच्या हातून. सिनालोआतील एका वाडीत जन्मलेल्या या माणसाचा आवाज रूढ अर्थाने गाण्याचा नव्हता. तो चिरका होता, सुराला सोडून जाणारा होता. त्याने रचलेला पहिला कोरिदो त्याच्या खून झालेल्या भावावर होता. तिहुआनाच्या तुरुंगात असताना तो इतर कैद्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या हकिकती पद्यात गुंफू लागला, आणि सुटकेनंतर लॉस एंजेलिस परिसरात हाच त्याचा व्यवसाय झाला. गिऱ्हाइकाने यावे, आपले किंवा आपल्या मेलेल्या आप्ताचे नाव, गाव, मित्रांची नावे, आवडते हत्यार सांगावे, मोबदला द्यावा आणि कोरिदो घेऊन जावे. या ध्वनिफिती प्रथम गिऱ्हाइकांपुरत्या निघत. नंतर त्या बाजारहाटांत, मोटारींच्या धुलाईकेंद्रांत विकल्या जाऊ लागल्या.

आश्रयदाता असणे हा कोणत्याही काव्याचा दोष नव्हे. मराठी अभ्यासकाला हे निराळे सांगावयास नको. अफजलखानवधावरील अज्ञानदासाचा पोवाडा जिवंत नायकावर आहे, आणि शाहिराला मिळालेल्या बक्षिसाचा उल्लेख त्या पोवाड्यातच येतो. तेथे आश्रय संहितेच्या आत उघडपणे उभा आहे, आणि ज्या कृतीची स्तुती करावयाची ती कृती पुरी झालेली आहे. चालिनोच्या कोरिदोंत मोबदला संहितेबाहेर राहतो. निवेदक अद्यापि साक्षीदाराच्याच सुरात बोलतो. परंतु त्याला साक्षीसाठी कोणी नेमले हे तो सांगत नाही. आणि पुष्कळदा गिऱ्हाईक जिवंत असते. त्याने अजून काहीच 'पुरे' केलेले नसते.

येथे घाटाची खरी अडचण सुरू होते. पैसे मोजणारा जिवंत नायक स्वतःच्या गाण्यात मरू शकत नाही. तो पकडलाही जाऊ शकत नाही. कबुली दिल्यासारखे होईल म्हणून त्याने केलेली विशिष्ट कृतीही तारीख-गावानिशी सांगता येत नाही. मग सांगायचे काय? कथन गळून पडते आणि त्याची जागा वर्णन घेते. तो कुठला, त्याचे मित्र कोण, तो शब्दाला कसा जागतो, त्याच्याकडे कोणते वाहन आहे, कमरेला काय आहे. घोड्याच्या जागी मालमोटार आली आणि पिस्तुलाच्या जागी 'कुएर्नो दे चिव्हो', म्हणजे बोकडाचे शिंग (एके-४७ बंदुकीला तिच्या वक्र काडतूसपेटीवरून पडलेले नाव) आले, याची नोंद सर्वच अभ्यासकांनी केली आहे. परंतु जुन्या कोरिदोत घोडा पळण्यासाठी होता. नव्या कोरिदोत मालमोटार उभी असते. 'घटनाकाव्या'चे रूपांतर 'व्यक्तिचित्रा'त झाले, आणि निरोपाच्या कडव्याला काही प्रयोजन उरले नाही, कारण निरोप कोणाला द्यायचा?

चालिनोच्या स्वतःच्या बाबतीत जे घडले ते या दृष्टीने विलक्षण आहे. जानेवारी १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील कोआचेला येथे एका श्रोत्याने त्याच्यावर मंचाजवळून गोळ्या झाडल्या आणि चालिनोने मंचावरूनच प्रत्युत्तर दिले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कुलियाकान येथे कार्यक्रम करून निघालेल्या चालिनोला सशस्त्र माणसांनी नेले, आणि १६ मे रोजी त्याचे प्रेत सापडले. त्याच्यावर कितीतरी कोरिदो रचले गेले. त्यांत पुन्हा तारीख आहे, गाव आहे, अखेर आहे. गिऱ्हाइकांना जी संपलेली गोष्ट तो देऊ शकत नव्हता, ती त्याने इतर कवींना पुरविली. गायक हा घटनेचा साक्षी होता. तो आता घटना झाला. व्हालेंतिन एलिसाल्दे २००६ मध्ये रेनोसा येथे कार्यक्रमानंतर मारला गेला, आणि त्यानंतर गायकांच्या हत्या ही एक परंपराच बनली. या हत्यांमागील कारणे बहुधा अंधारातच राहिली. मात्र आश्रयाने रचलेल्या गीतात श्रोते निष्ठेची खूण शोधू लागतात, आणि शत्रूही श्रोताच असतो, एवढे निश्चित.

प्रथमपुरुषी निवेदन हा या विकासातील पुढचा टप्पा. तो एकाएकी आलेला नाही. 'लोस तुकानेस दे तिहुआना' या वाद्यवृंदाच्या १९९५ च्या सुमाराच्या एका गाजलेल्या कोरिदोत व्यापारी स्वतःच बोलतो आणि आपल्या तीन प्राण्यांचे, म्हणजे पोपट, कोंबडा आणि बकरी यांचे कौतुक करतो. बोलीत हे तीन शब्द अनुक्रमे कोकेन, गांजा आणि हेरॉइन यांचे वाचक आहेत. १९९७ मधील 'हेफे दे हेफेस' (नायकांचा नायक) या तेओदोरो बेयोच्या रचनेतही निवेदक 'मी' आहे. परंतु हा 'मी' निनावी आहे. तो कोण, याविषयी तर्क लढविण्याची श्रोत्यांना मुभा आहे, आणि त्या तर्कातच गीताची गंमत आहे. मुखवटा मुखवटा म्हणून ओळखता येतो, तोवर निवेदक आणि गायक यांच्यात अंतर राहते.

२००९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातून प्रसृत झालेल्या 'मोव्हिमिएंतो आल्तेरादो' या चळवळीत (हिला चळवळ म्हणणे ही निर्मात्यांची जाहिरात होती) ते अंतर पुसले गेले. फेलिपे काल्देरोन यांनी डिसेंबर २००६ मध्ये लष्कर उतरवल्यानंतर मेक्सिकोत जी हिंसा उसळली, तिच्या पार्श्वभूमीवर या गीतांतील 'मी' प्रत्यक्ष टोळीतील प्रत्यक्ष टोपणनावाने बोलतो. हात तोडणे, मुंडकी छाटणे यांची यादी वर्तमानकाळात आणि उत्साहात देतो. याच प्रवाहातील एका प्रसिद्ध गीतात अनेक गायक आळीपाळीने एकाच सरदाराच्या पथकाच्या वतीने गातात. तो सरदार ऑक्टोबर २०१२ मध्ये मारला गेला. गीत मात्र आजही वर्तमानकाळातच आहे. शॉल श्वार्त्स यांच्या २०१३ मधील 'नार्को कुल्तुरा' या माहितीपटात लॉस एंजेलिसमध्ये राहून अशी गीते मागणीबरहुकूम रचणारा गायक आणि सिउदाद हुआरेसमध्ये प्रेते उचलणारा न्यायवैद्यक तपासनीस समांतर दाखविले आहेत. त्या दोघांपैकी जुन्या कोरिदोच्या निवेदकाचे काम कोण करतो आहे, हे पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. तारीख, ठिकाण आणि मृताचे नाव दुसऱ्याच्या वहीत आहे.

या पार्श्वभूमीवर 'प्रतिकाराचे काव्य' ही संकल्पना तपासून पाहिली पाहिजे. हॉब्सबॉम यांनी मांडलेल्या 'सामाजिक दरोडेखोरा'च्या कल्पनेचा आधार घेऊन नार्कोकोरिदोच्या नायकाला शेतकरी-प्रजेचा कैवारी ठरविण्याचा मोह पुष्कळांना झाला. कुलियाकानमध्ये हेसुस माल्व्हेर्दे या दंतकथेतील दरोडेखोराचे प्रार्थनास्थळ आहे आणि तेथे या गीतांची उठबस असते, हा पुरावाही दिला जातो. या युक्तिवादात तथ्यांश आहे. सिनालोआच्या डोंगराळ भागात १९७० च्या दशकातील लष्करी मोहिमांनी पिकांबरोबर खेडीही उजाड केली, आणि राज्यसंस्थेच्या भाषेला तेथे विश्वासार्हता उरली नाही. लुइस आस्तोर्गा यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, 'नार्को' हे नाव देण्याची मक्तेदारी राज्यसंस्थेकडे असताना कोरिदोने त्याच व्यक्तीचे दुसरे चित्र उभे केले. दोन्ही चित्रांच्या मागची खरी व्यक्ती अप्राप्यच राहिली. हे विवेचन १९९५ पर्यंतच्या गीतांना उत्तम लागू पडते. तेच जसेच्या तसे पुढच्या गीतांना लावणे मात्र सदोष ठरते, कारण आता दुसरे चित्रही सत्तेच्याच पैशाने रंगवलेले आहे. फक्त ती सत्ता निराळी. दरोडेखोर लुटतो, व्यापारी विकतो. दरोडेखोराचे कोरिदो दरोड्यानंतर लोक रचतात. व्यापारी आपले गीत आधीच विकत घेतो. लोकवाङ्मयाच्या अभ्यासकाने 'लोक' हा शब्द वापरताना हा फरक नजरेआड करू नये.

आणि तरीही हे गाणे ऐकणारे लोक आहेतच, आणि ते भाडोत्री नाहीत. कॅलिफोर्नियातील शेतमजूर, बांधकामावरील कामगार, तेथेच जन्मलेली त्यांची मुले यांना या गीतांत गावांची नावे ऐकू येतात. कोसाला, मोकोरितो, बादिरागुआतो ही नावे ज्या सभागृहात उच्चारली जातात, तेथे ती ओळखणारा माणूस क्षणभर परका राहत नाही. कोरिदोची तारीख गेली, अखेर गेली. गावाचे नाव राहिले. आजचा श्रोता बहुधा त्या एका उरलेल्या अवयवासाठी येतो. २०१९ पासून नातानाएल कानो आणि त्यानंतर पेसो प्लुमा यांनी ज्या 'कोरिदोस तुम्बादोस'ला जगभर नेले, त्यांत तर सुराची आणि वाद्यमेळाची जाण पुष्कळ अधिक आहे, कथन मात्र जवळजवळ नाहीच.

बंदीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण तो पुनरुक्तीचा आहे. सिनालोआ शासनाने २०११ मध्ये मद्यगृहांतून ही गीते वाजविण्यास मनाई केली; २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. चिवावा शहराने २०१२ मध्ये 'लोस तिग्रेस देल नोर्ते'वर बंदी घातली, म्हणजे नेमक्या त्या वाद्यवृंदावर, ज्याचा निवेदक अद्यापि थांबायला जाणतो. तिहुआनाने २०२३ मध्ये मनाई केली. या सर्व आदेशांनी विषय पाहिला. कोणते गीत घटना सांगते आणि कोणते आश्रयदात्याची तसबीर लावते, हा भेद करण्याचे काम समीक्षेचे होते, आणि ते समीक्षेने वेळेवर केले नाही, म्हणून ते हवालदाराकडे गेले.

मार्च २०२५ च्या अखेरीस सापोपान येथे एका वाद्यवृंदाने कार्यक्रमात टोळीप्रमुखाचे छायाचित्र पडद्यावर दाखविले आणि अमेरिकेने त्या कलावंतांचे परवाने काढून घेतले. तसबीर येथे शब्दशः तसबीर झाली होती. पुढच्याच महिन्यात, ११ एप्रिल रोजी, तेस्कोकोच्या घोडेजत्रेत लुइस आर. कोन्रिकेस या गायकाने शासकीय निर्बंधांमुळे आज आपण ही गीते गाणार नाही असे जाहीर केले. श्रोत्यांनी वस्तू फेकल्या, मंच चढला, वाद्ये आणि यंत्रसामग्री फोडली. लिनो किंतानाने शेरीफसमोर गायचे नाकारले तेव्हा ते धैर्य ठरले होते आणि श्रोते त्याच्या बाजूला होते. तेस्कोकोच्या गायकाने श्रोत्यांसमोरच नकार दिला. त्या रात्री तेथे जी गीते गायली जाणार होती त्यांपैकी किती जणांची कृती संपलेली होती, आणि कितींची अजून चालू होती, हे मंच मोडणाऱ्या गर्दीलाही ठाऊक असण्याची शक्यता नव्हती.